डाव्या हाताची बोटं

फोटोतल्या माणसाच्या डाव्या हाताला पाच बोटं होती.

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाचच. भिंतीवर तो हात तिच्या डोक्याएवढा मोठा झाला होता आणि त्याने बंधाऱ्याच्या दारांचं लोखंडी चाक घट्ट धरलं होतं. तिच्या बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्याच चाकाच्या दात्यांत गेली होती, ती अजून शाळेतही जात नव्हती तेव्हा. उरलेल्या बोटांनी त्यांना शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. ते काम तिचं होतं.

प्रदर्शन गावाच्या जुन्या फोटोंचं होतं. सभागृहाला नाव होतं नदीचा बांध बांधणाऱ्या ठेकेदाराचं. लोक जुना बाजार, जुनं टपाल कार्यालय, पाडलेलं थिएटर बघून हळहळत होते. पाडलं तेव्हा हेच लोक टाळ्या वाजवत होते. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. आई गाव सोडत नाही म्हणून ती वर्षातून एकदा यायची, तशी आली होती. या फोटोसमोर आलं की लोक आवाज खाली आणायचे. खाली ओळ होती: ‘महापुरात चुकीचं दार उघडणारा बंधाऱ्याचा राखणदार.’

दारं दोन, जुळ्या भावांसारखी. डावं उघडलं की पाणी खालच्या आळीकडे, उजवं उघडलं की गावाबाहेरच्या ओढ्यात. खालची आळी बुडाली. माणसं गेली. बाबा म्हणाले, मी उजवंच उघडलं, आळीत पाणी आलं ते बांध फुटून. पण पेपरात हा फोटो आला. मागे नुसतं पांढरं आभाळ, डावं दार वर, त्यातून धो धो पाणी, आणि चाकाशी बाबा. पेपरात त्यांचा हात तांदळाच्या दाण्याएवढा. बोटं कोण बघतंय? चौकशी एका बैठकीत आटपली. ठेकेदार सुटला, बाबांची नोकरी गेली. गावाने त्यांचं नाव ठेवलं ‘बुडव्या’. ती बुडव्याची पोर झाली.

बाबांनी तो पेपर कधी हातात घेतला नाही. ‘मी होतो तिथं. मला काय दाखवता?’ म्हणायचे. एकदा ती म्हणाली, ‘फोटो खोटं बोलतो का, बाबा?’ त्या दिवसापासून तिने बटणं लावणं सोडलं. बाबा पुढे मरेपर्यंत गळ्यातून घालायचे बिनबटणांचे सदरे वापरत होते.

आईने मात्र तो फोटो कापून आरशासमोरच्या भिंतीला चिकटवला. भिंतीकडे पाठ करून केस विंचरताना ती तो आरशातून बघायची. ‘सरळ बघायची हिंमत नाही बाईची,’ असं शेजारीण म्हणायची. लेकीलाही तेच वाटायचं.

गावाचा इतिहास लिहिणारे सर हात मागे बांधून शेजारी येऊन उभे राहिले.

“सर, हा फोटो उलटा आहे.”

सरांनी मान तिरकी केली. “चांगला सरळ तर लावलाय.”

“डावं उजवीकडे गेलंय. निगेटिव्ह काढा.”

निगेटिव्ह खालच्या काचेच्या पेटीत होतं, मेलेल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याशेजारी.

“ते असं काढता येत नाही हो. आपण कोण?”

“बुडव्याची पोर.”

सरांनी किल्ली काढली. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. कडेची बारीक अक्षरं सरळ वाचता येत होती, म्हणजे फिल्म सुलटी धरलेली होती. उघडं दार उजवीकडे होतं. पुराच्या घाईत फोटोग्राफरने फिल्म पालथी घालून फोटो छापला होता. नवरानवरीचा फोटो असा छापला असता तर दुसऱ्या दिवशी वऱ्हाड भांडायला आलं असतं.

“अरेच्चा,” सर म्हणाले. “प्रिंटवाल्याने आधी असाच काढला होता की. मीच ओरडलो त्याला, गाढवा, पेपरातल्यासारखा कर म्हणून.” मग त्यांनी फिल्म पाकिटात सरकवली. “पण बाई, आता हा इतिहास झाला.”

“झाला नाही. तुम्ही छापलात.”

“पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे हो हा. बघू, पुढच्या आवृत्तीत तळटीप देऊ.”

“तळटीप,” ती म्हणाली. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तशी ती झाली होती. काहीतरी उपटलं जातंय एवढं कळत होतं. दुखत नव्हतं.

ती घरी आली तेव्हा आई आरशासमोर बसली होती.

“आई, तो फोटो उलटा छापलाय. बाबांनी उजवंच दार उघडलं होतं.”

आईचा हात थांबला नाही. “हो.”

“हो काय? तुला माहीत होतं?”

आईने फणीने आरशात दाखवलं. पिवळा पडलेला कागदाचा तुकडा आरशात होता. त्यात उजवं दार उघडं होतं आणि चाकाशी बाबा उभे होते, डावा खांदा नेहमीसारखा खाली पडलेला.

“भिंतीवर कुणीतरी दुसराच आहे. इथं बघितलं की ते दिसतात,” आई म्हणाली.

“मग बोलली का नाहीस? गावाला नको, निदान मला तरी?”

आईने फणीत अडकलेले केस काढले, बोटाभोवती गुंडाळले.

“ते तुला रोज सांगत होते. त्यांचं ऐकलं नाहीस. आरशाचं ऐकलं असतंस?”