चिमुकल्या गावातलं फाटक

सोमनाथ रेल्वे फाटकावर गेटमन होता. वर्षभराने चार दिवस सुट्टी मिळाली, तर बायकोने, हर्षालीने, त्याला नाशिकजवळचं हे चिमुकल्या प्रतिकृतींचं गाव बघायला आणलं, आणि इथेही रेल्वेच! गुडघ्याएवढं देऊळ, वीतभर द्राक्षबागा आणि त्यांच्याभोवती गोल फिरणारी खेळण्यातली गाडी.

त्यात फाटक उघडं. गाडी तीनदा गेली, तरी उघडंच.

"अहो, फाटक न लावता गाडी सोडता?" तो गाडीच्या बटणाजवळ बसलेल्या माणसावर डाफरला.

"ते चिकटवलेलंय, काका. लागत नाही."

गाडी पुन्हा वळणावरून आली. सोमनाथचं डोकं सणकलं. झेंडी हाताशी नसली की गेटमन जे करतो, तेच त्याने केलं. दोन्ही हात वर करून उभा राहिला.

गाडी करकचून थांबली.

"बटण तर चालूच आहे," तो माणूस पुटपुटला.

मग सोमनाथला दिसलं. फाटकात, रुळांच्या मधोमध, इंजिनासमोर बोटभर उंचीचा एक माणूस उभा होता. मघाशी तो नव्हता. दोन्ही हात वर, अंगात सोमनाथसारखाच निळ्या चौकड्यांचा शर्ट. सोमनाथचं कोपर थरथरलं, तसं त्याचंही थरथरलं.

"लोक हसताहेत. हात खाली घ्या," हर्षाली म्हणाली.

सोमनाथने हात वरच ठेवले.

"सुट्टीतसुद्धा तुमचं तेच!" वैतागून तिनेच त्याचे हात धरून खाली ओढले.

चिमुकल्या माणसाचेही हात खाली आले.

गाडी सुटली.