कापडावरचा पहिला जीव

मालिएची मुलगी तालिता समुद्रात बुडाली, देह काही हाती लागला नाही. सामोआत अशा वेळी किनाऱ्यावर झाडाच्या सालीचं कापड अंथरून बसतात. त्यावर जो पहिला जीव चढेल, खेकडा म्हणा, मुंगी म्हणा, त्यातच गेलेल्या माणसाचा आत्मा असतो. तो गुंडाळून घरापुढे पुरला, की आत्मा मागे रेंगाळत नाही, आपल्या वाटेला लागतो. बाकीच्यांचं काम तासाभरात होतं. मालिएला बसून चार महिने झाले होते.

"वहिनी, अहो, एक मुंगीसुद्धा नाही?" नणंद पेनिना वैतागली. "घरापुढे खणलेल्या खड्ड्यात आता कोंबड्या लोळायला लागल्या!"

"पोरगी मुळातच हट्टी. हाक मारली की कधी आलीय का?"

"आईवर गेलीय, दुसरं काय!" म्हणत पेनिना निघून गेली.

ती माडांआड दिसेनाशी झाल्यावर मालिएने कापड झटकलं, घडी घातली आणि घरी आली. नीरफणस भाजला, नारळाच्या दुधात अळकुड्या शिजवल्या आणि दोन पानं वाढली.

दुसऱ्या पानावर ओल्या केसांची तालिता आधीच येऊन बसली होती.

"आई, आज किती हाकललेस?"

"दोनच खेकडे," तिच्या केसांतली वाळू झाडत मालिए म्हणाली. "जेव आता, गार होतंय."