पाहुण्यांचं वायफाय

"तुमच्या मोबाईलला पाहुण्यांचं वायफाय लागलंय, विहीणबाई. माझ्याला घरातलं आहे," सुलभाताई सहज म्हणाल्या आणि पुन्हा कीर्तन ऐकू लागल्या.

चिपळूणहून रविवारपर्यंत मुलाकडे राहायला आलेल्या इंदुमतीबाई मनातल्या मनात जळफळल्या. सुनेच्या आईला घरातलं, आणि मुलाच्या आईला पाहुण्यांचं!

निनाद ऑफिसातून येताच त्यांनी विचारलं, "मी पाहुणी का रे?"

"अगं आई, राउटर एकच, त्याची नेटवर्क दोन. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत, प्रिंटरपर्यंत पोचता येत नाही. चार दिवस येणाऱ्या सगळ्यांना आम्ही तोच पासवर्ड देतो."

"आणि ह्यांना?"

"त्या आता इथेच राहतात ना."

इंदुमतीबाईंना ते ठाऊक होतं, तरी आज जिव्हारी लागलं. दर दिवाळीला मुलगा "इकडेच राहा" म्हणायचा आणि "तिकडचं घर कोण बघणार?" असं म्हणून त्याच नाही म्हणायच्या.

त्यांनी मोबाईल पुढे केला. "घरातला पासवर्ड घाल. रविवारी मी जात नाहीये."

सुलभाताईंनी कीर्तन बंद केलं आणि आपल्या खोलीतलं अर्धं कपाट रिकामं करायला त्या उठल्या.