पाठीवरची थाप

ओहायोच्या जत्रेतल्या मातीच्या ट्रॅकवर शर्यतीच्या उघड्या मोटारीत हार्लनने शेजारी बसलेल्या बायकोला, कोराला, पुन्हा बजावलं, "मागून गाडी जवळ आली, की माझ्या पाठीवर थाप मार. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही."

मागे लक्ष ठेवणाऱ्या मेकॅनिकचा हात मोडला होता, म्हणून आज कोरा बसली होती. हार्लन कायम शेवटून पहिला. आजही हरला, तर शर्यती सोडून तो सासऱ्यांच्या दुकानात खिळे विकायला बसणार होता.

झेंडा हलला. पहिल्याच वळणावर पाठीवर थाप बसली. हार्लनने वेग वाढवला. पुन्हा थाप, मग चक्क धपाटा. मागचा अगदी मानगुटीवर आलाय असं समजून तो जीव खाऊन गाडी दामटत राहिला. एकेक गाडी मागे पडली, तरी धपाटे थांबेनात.

हार्लन पहिला आला!

"कोण होतं गं एवढं मागे?" त्याने धापा टाकत विचारलं.

"कुण्णी नव्हतं!" कोरा कडाडली. "माझी हॅट उडाली, गाडी थांबव म्हणत होते मी!"

हार्लन पोट धरून हसला. "पुढच्या शर्यतीआधी नवी घेऊन देतो."

कोराने पुन्हा थाप मारली, या वेळी शाबासकीची. "दे. पण जरा सैलच बघ."