बकरी सरळ आण

"दादा, आज बकरी सरळ आण हं," धाकटा हळूच म्हणाला आणि कुणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेने मागे बघत आपल्या तोफेकडे पळाला.

बकरी म्हणजे लाकडाचं आणि कापडाचं लाल विमान. पूर्वी सरावासाठी खरं विमान यायचं, शेपटाला लांब कापडी पट्टा बांधून. तोफांनी पट्ट्यावर नेम धरायचा. एकदा गोळा पट्ट्याला न लागता वैमानिकाला लागला, तेव्हापासून हे बिनमाणसाचं आलं. थोरला भाऊ रेडिओची पेटी गळ्यात अडकवून मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि पेटीवरच्या दांडीने ते आकाशात फिरवायचा. सगळे त्याला बकरीवाला म्हणत. तोही ओ देई.

हुकूम असा होता की, बकरी सरळ आणि बेताच्या वेगाने आणायची. म्हणजे ती पडते, निकाल चांगला लागतो, बघायला आलेले पाहुणे खूश होतात आणि साहेबांची छाती फुगते. थोरल्याने आजवर निमूटपणे तसंच केलं होतं. तोफांवर लोकांची पोरं होती. आज स्वतःचा भाऊ होता, आणि त्याची तुकडी उद्या आघाडीवर निघायची होती.

विमान उडालं. लांब वळसा घेऊन तोफांसमोर आलं, तशी थोरल्याने दांडी आडवी दाबली. बकरी कुशीवर वळली, खाली घसरली, झाडांच्या शेंड्यांवरून पुन्हा उसळली. गोळे फुटत राहिले, पण ती मघाशी जिथे होती तिथे. दुसऱ्या फेरीलाही तेच. काळ्या धुराच्या ठिपक्यांतून लाल विमान धडधाकट बाहेर पडलं.

साहेब तरातरा चालत आले.

"काय बकरीवाले, अंगात आलंय का आज?"

"साहेब, शत्रूचं विमान असंच येणार. यांना अजून महिनाभर सराव द्या. सध्या यांना नुसता आवाज काढता येतो."

"महिनाभर?" साहेबांनी आवाज खाली आणला. "उद्या गाड्या निघतात. हे पास झाले तरी जाणार आणि नापास झाले तरी जाणार. नापासांचं काय मी लोणचं घालू? पाठवायचेच आहेत, तर हसत पाठवू. तेवढंच तुझ्या हातात आहे."

थोरल्याने तोफेकडे पाहिलं. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं होतं. शेजारचा तोफची मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "सख्खा भाऊ ना रे तुझा? यापेक्षा सावत्र परवडला!" सगळे हसले. धाकटा मान खाली घालून तोफेचा दांडा पुसत राहिला.

तिसऱ्या फेरीला बकरी सरळ आली, दाव्याला बांधून आणल्यासारखी. दांडी मध्यावर धरून ठेवायला कसलंच कसब लागत नाही, तरी थोरल्याचे हात भरून आले. पहिला गोळा तरीही हुकला. दुसरा, धाकट्याच्या तोफेचा, पंखाच्या मुळाशी फुटला आणि विमान कलंडून मैदानापलीकडे कोसळलं. एकच जल्लोष झाला. पोरांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्याला त्या टाळ्यांची शिसारी आली, आणि स्वतःच्या हातांचीही.

थोड्या वेळाने धाकटा पंखाचा तुकडा घेऊन धावत आला. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"बघ दादा, बरोबर मध्ये! पण आधी काय घामटा काढलास आमचा! जाऊ दे, तुझ्यासारखं वेडंवाकडं उडवणारा तिकडे कोण भेटतोय?"

"तिकडे विमानात माणूस बसलेला असतो रे."

"मग तर बरंच की! माणूस घाबरतो. तुझी बकरी कुठे घाबरते?"

"म्हणून तर ती सरळ येते," थोरला म्हणाला. "माणूस वळतो, त्याला घरी जायचं असतं."

धाकटा हसला आणि त्याच्या दंडावर चापट मारून म्हणाला, "तू पण ना! निघायच्या वेळी असलं काहीतरी." त्याने तो तुकडा थोरल्याच्या हातात कोंबला. "हे आईला दे. भिंतीवर लाव म्हणावं. सांग तिला, धाकट्याने पाडलं."

तिकडून पोरांनी हाक मारली आणि तो पळाला. मागे साहेब ओरडत होते, "चला, पुढची बकरी काढा!"

थोरल्याने तुकडा उलटासुलटा करून पाहिला. मधोमध बोट जाईल एवढं भोक पडलं होतं, कड अजून कोमट होती. आईला सांगायला काही अडचण नव्हती. पाडलं धाकट्यानेच होतं. सरळ धरून कुणी ठेवलं होतं, हे विचारायचं तिला सुचणारही नव्हतं.