सरपणाची रास

"अजून चार ओंडके!" खिडकीशी बसलेली शिंपीण कडाडली. "आता माझ्या डोक्यावरच रचा म्हणावं!"

बाहेर तिचा दीर तिच्या भिंतीला लागून सरपण रचत होता. गावातला एकमेव गवंडी. त्याने मान वर केली नाही. ओंडका ठेवला, तळहाताने दाबून पाहिला आणि दुसरा उचलला.

उत्तरेकडचं ते टीचभर खेडं. हिवाळ्यात तिथं सूर्य यायचा तोच घाईत असल्यासारखा. टेकडीवर जरा टेकायचा आणि निघायचा. तेवढंच काय ते ऊन शिंपिणीच्या त्या एका खिडकीतून तिच्या मशीनवर पडायचं. तिचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नव्हते. आणि रास खिडकीच्या अर्ध्यावर आली होती. भरदुपारी दिवा लावूनही सुईत दोरा जाईना. गेल्या आठवड्यात तिने एका कोटाची बाही उलटी जोडली. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण पुढचं कापड त्याने दुसऱ्या गावी नेलं. हातातलं काम गेलं तर तिने खायचं काय?

दूध घालायला आलेली दूधवाली खिडकीपाशी थबकली. "सरपण जाळायला असतं ना गं? हा तर नुसता उबवत बसलाय. पिल्लं काढणार आहे की काय?"

"जाळतो कुठला! चुलीला लागतं ते शेडमागून आणतो. या राशीतली काडी हलवत नाही."

"मग ठेवलीय कशाला?"

"माझा उजेड खायला! जळतो मेला. ही भिंत आमच्या ह्यांनी एकट्याने बांधली. तेव्हाही आला होता नाक खुपसायला. म्हणे, दादा, पाडून पुन्हा बांध. ह्यांनी हाकलून दिला. डोळे मिटतानासुद्धा मला बजावून गेले, माझ्या भिंतीला त्याचा हात लागता कामा नये."

बोलता बोलता टेबलावरचं रीळ गडगडलं आणि भिंतीशी जाऊन थांबलं. शिंपिणीने ते रोजच्यासारखं चरफडत उचललं. टेबलाच्या पायाखाली तिने पुठ्ठा घातला होता, तरी तेच. या घरात एक वस्तू धड नव्हती. दार खांदा मारल्याशिवाय उघडायचं नाही. खिडकीवरच्या गिलाव्याला भेग पडली, ती तिने कॅलेंडर लावून झाकली होती.

दूधवाली गेल्यावर ती दाराला खांदा मारून बाहेर पडली.

"भावजी, ही रास उचलायची कधी?"

"बर्फ जाऊ दे, वहिनी."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात!"

गवंडी हातावरची धूळ झटकत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "मशीन स्वयंपाकघरात हलवता का? झोपाही तिकडेच. मी येतो उचलू लागायला."

शिंपिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आज खिडकी घेतलीत, आता खोली हवी? उद्या म्हणाल, वहिनी, गावच सोडा!"

त्याची नजर एकदा भिंतीवरून फिरली. मग तो हातगाडी घेऊन रानाकडे निघून गेला.

तो वळणाआड होताच शिंपिणीने पदर खोचला.

एकेक ओंडका तिने ओढून अंगणात भिरकावला. "घे! हा घे! हाही घे!" हात सोलवटले, बोटांत कुसळं गेली. तिला त्याची शुद्ध नव्हती. खिडकी मोकळी झाली, तरी ती थांबली नाही. आज काडी ठेवायची नाही.

राशीच्या पोटात तिला जाडजूड वासे दिसले. ते रचलेले नव्हते. तिरके उभे होते. त्यांची डोकी भिंतीला टेकलेली आणि बुडाशी पाचरी ठोकलेल्या.

"अस्सं! ह्यांच्या भिंतीला वासे टेकवलेत? लाज नाही वाटली?"

तिने एक ओंडका उचलला आणि पाचरींवर घाव घातले. दात-ओठ खात ती एकेक पाचर उडवत गेली. शेवटचा वासा आडवा झाला, तेव्हा ती धापा टाकत होती. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर बरं वाटलं.

दार ओढून घेऊन ती आत गेली आणि मशीनवर बसली. ऊन थेट सुईवर पडलं होतं. दोरा पहिल्याच फटक्यात ओवला गेला. तिला हसू आलं.

रीळ गडगडलं. ते उचलायला ती वाकली, तोच पाठीमागे दार करकरलं.

"आलात?" मान न वळवताच ती म्हणाली. "या, बघा. तुमच्या भावाची भिंत कशी मोकळी केलीय."

तिने वळून पाहिलं. उंबऱ्यात कोणी नव्हतं. खांदा मारल्याशिवाय न हलणारं ते दार आपणहून सताड उघडलं होतं, आणि कॅलेंडरमागची भेग खाली जमिनीपर्यंत आली होती.