पुस्तकातले ‘जावें’

“‘यावें’ नाय गो, ‘जावें’! ‘जावें, महाराज!’ पुस्तकात तसाच आसा.”

हरिश्चंद्राने पानावर बोट आपटले. यशोदा माजघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिला वाचता येत नव्हते, पण विक्रांतसेन राजाचे ते जुने नाटक तिला नांदीपासून तोंडपाठ होते. रामनवमीच्या उत्सवात गावची मंडळी दरवर्षी तेच नाटक करीत, आणि राजा दरवर्षी तिचा नवराच असे. राणीचे काम करायचा बाबली. तो दुकान सोडून तालमीला येईपर्यंत घरची राणी यशोदाच. राजा लढाईला निघतो आणि राणी त्याला निरोप देते, तेवढ्या एका वाक्यावर तिचे घोडे अडायचे.

“उंबऱ्यार उब्या ऱ्हवलेल्या माणसाक ‘जा’ म्हणतत काय कोण?” ती म्हणाली. “माका नाय जमाचा.”

“नाटक लिवणारो काय येडो होतो? छापलेला कधी चुकता काय?”

एरवी ह्या भांडणाची तिला मजा वाटे. त्या भाषेवर नवऱ्याइतकाच तिचाही जीव होता. अर्थ कळो न कळो, ‘रणदुंदुभी’ म्हटले की तिच्या अंगावर काटा येई. दुधाकडे वळलेल्या मांजरीला ती ‘दूर हो, पापिणी!’ म्हणून हाकलत असे. हरिश्चंद्र तर बैलाला वृषभराज म्हणे, आणि नारळाच्या व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला की छाती काढून ‘हें आम्हांस मान्य नाहीं’ असे सुनवी. व्यापारी हसत हसत भाव वाढवी. ह्या दोघांचा एकुलता एक मुलगा सत्यवान लहानपणी डोळे चोळत उठायचा तो ‘युवराज, मुखप्रक्षालन झालें काय?’ हे ऐकतच. मिसरूड फुटल्यावर नाटकातला युवराजही तोच झाला. गॅसबत्त्यांच्या उजेडात बापलेक रंगात आले की यशोदा बायकांत बसून दोघांचीही वाक्ये ओठांतल्या ओठांत म्हणे. आपल्यासारखी भाग्याची आपणच, असे तिला तेव्हा वाटे.

यंदा उत्सवाच्या तोंडावर सत्यवानाला बोटीवर नोकरी लागली. बोट परदेशी जाणारी. एकदा गेला की वर्ष-दीड वर्ष दिसायचा नाही. मुंबईला लगेच हजर व्हायचे होते. हरिश्चंद्राचे डोके फिरले. युवराजाशिवाय नाटक कसे होणार, एवढेच तो ओरडत राहिला. पोराशिवाय घरात करमणार नाही, हे काही त्याच्या तोंडातून निघाले नाही. रंगमंचावर तो कितीही गरजला तरी ते पडदा पडेपर्यंतच. त्या दिवशी मात्र तो साध्या मालवणीत बोलला.

“जातस तर जा! माका परत तोंड दाखव नको.”

तेव्हापासून दोघांचा अबोला होता. अबोल्याचे यशोदेला एवढे काही वाटले नाही. तो आज ना उद्या सुटला असता. तिच्या जिवाला लागला तो ‘जा’. ह्या घरातून कोणी बाजाराला निघाले तरी ‘येतंय’ म्हणे, आणि घरचे ‘ये’ म्हणत. आणि दर्यावर निघालेल्या पोराच्या डोक्यावर बापाचा ‘जा’! तो बापानेच काढून घ्यायला हवा होता. आईच्या ‘ये’ने ते भागणारे नव्हते. तिने नवऱ्याला तसे सांगून पाहिले, तर तो पुस्तक उघडून तालमीला बसला. आजही, पोर निघायच्या दिवशी, तो पुस्तक घेऊनच बसला होता.

दारापुढच्या खळ्यात मालवण बंदराला जाणारी गाडी जुंपून उभी होती. दुपारच्या आगबोटीने निघायचे होते. सत्यवान ट्रंक घेऊन बाहेर आला. आईच्या पाया पडला. मग तो बापासमोर वाकला.

“बाबानू, येतंय.”

हरिश्चंद्राने मान वर केली नाही. सत्यवान जरा थांबला, आणि ट्रंक उचलून पायऱ्या उतरू लागला.

यशोदेने सूप खाली ठेवले आणि ती उठली. काय बोलावे ते तिला सुचेना. सुचले ते एकच, रोज ऐकून कानात बसलेले. तिने राजाचे वाक्य उचलले, नवऱ्याच्याच थाटात, खड्या आवाजात.

“रणदुंदुभी वाजूं लागली! आतां आम्हांस निरोप द्यावा!”

सत्यवान वळला. गाडीवानही तोंड उघडे टाकून बघत राहिला. हरिश्चंद्र चमकला. ह्या वाक्यानंतरचे वाक्य राणीचे. पण राणीच आज राजाचे बोलून मोकळी झाली होती, आणि पुढचे बोलायला समोर दुसरे कोणी नव्हते. उभ्या जन्मात त्याने रंगमंचावर कधी वाक्य पडू दिले नव्हते. त्याचे ओठ हलले. बोट अजून ‘जावें’च्याच ओळीवर होते. त्याने ओळीकडे पाहिले, मग पोराकडे पाहिले. पुस्तक मिटून तो उठून उभा राहिला.

“यावें, युवराज!” तो म्हणाला. “लौकर यावें.”

सत्यवान ट्रंक तिथेच टाकून वर आला आणि त्याने बापाच्या पायांवर डोके ठेवले. ह्या वेळी हरिश्चंद्राने त्याला धरून उठवले, आणि बराच वेळ सोडले नाही.

गाडी माडांच्या आड गेली. यशोदेने डोळे पुसले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतले.

“पुस्तकात ‘जावें’ आसा,” ती म्हणाली.

हरिश्चंद्र रस्त्याकडेच बघत होता.

“छापणारो चुकलो,” तो म्हणाला.